गार्डसाहेबांची सीलबंद पेटी

मारुतराव सोनवणे हे गाडीतले सगळ्यात शेवटचे गृहस्थ. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वेत गार्डाची नोकरी केली, आणि गार्ड म्हटला की तो शेवटच्या डब्यात. पुढे इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरला रुळाकडेची पोरं हात करतात. गाडी वेळेवर पोहोचली तर लोक ड्रायव्हरचं नाव घेतात. गार्डाचा डबा समोर येईपर्यंत पोरांचे हात दुखून खाली आलेले असतात. ही गोष्ट मारुतरावांना एकतीस वर्षं सलत राहिली. ते निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आतच रेल्वेने गार्ड हे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस पेपर हातात घेतला नाही.

हेवा हा त्यांचा जुना आजार. रक्तदाबाची गोळी पंचावन्नाव्या वर्षी सुरू झाली, हेवा त्याच्या फार आधीपासून होता. शेजाऱ्याच्या दारातला कढीपत्ता वाढला तरी यांच्या पोटात दुखायचं. माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाचं मनात धरून ठेवलं नाही. फक्त दुसऱ्याचं कौतुक कानावर आलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि त्या झोंबल्या आहेत हे समोरच्याला स्पष्ट दिसायचं.

एका गोष्टीत मात्र आपल्यापुढे कुणी नाही, अशी त्यांची खात्री होती. ती म्हणजे प्रथमोपचार. नोकरीत असताना त्यांनी त्याचा वर्ग केला होता, परीक्षेत पहिले आले होते, आणि ते प्रमाणपत्र दौंडच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत टांगलेलं होतं. वर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या खाली प्रमाणपत्र, आणि मग लग्नाचे, पोरांचे वगैरे फोटो. जयभीम घालून घरात आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते प्रमाणपत्र वाचावं लागायचं.

गार्डाच्या सामानात लाल-हिरवे बावटे, हातबत्ती यांच्याबरोबर एक प्रथमोपचाराची पेटी असायची. तिला सील असायचं. सील फोडलं तर का फोडलं, कुणासाठी फोडलं, किती वाजता फोडलं, काय वापरलं, हे सगळं कागदावर लिहून वर पाठवावं लागायचं. मारुतरावांनी एकतीस वर्षांत एकदाही सील फोडलं नाही. तशी वेळ आली नाही हे खरं, पण ते सांगताना असं सांगायचे की जणू वेळ आली होती आणि यांनी ती परतवून लावली.

निवृत्तीनंतर ते पहाटफेरी मंडळात जाऊ लागले. दौंडमधली वीसेक माणसं, बायाही त्यात आल्या, रोज सकाळी भीमेच्या पुलापर्यंत चालायची आणि रविवारी कुठेतरी लांब, माळावर नाहीतर डोंगरावर. अध्यक्ष पोपटराव. चाळीस एकर बागायत, सोसायटीचे माजी चेअरमन, आवाज असा की नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावा. दिवाळीच्या आधी एका रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या अनिता मॅडमचा पाय माळावर मुरगळला आणि वीस जणांत मिळून एक पट्टी निघाली नाही. पोपटरावांनी तिथेच जाहीर केलं की डिसेंबरात दोन दिवस राजगडाला जायचंय, त्याच्या आधी मंडळाची एक औषधाची पेटी पाहिजे.

“गार्डसाहेब, ह्ये काम तुमचं,” पोपटराव म्हणाले. “तुमच्यासारखा जाणता माणूस दुसरा हाय कोण?”

हे वाक्य मारुतरावांनी घरी येऊन सरूबाईंना चार वेळा सांगितलं. सरूबाई म्हणजे त्यांची बायको, माहेर शिरूर तालुक्यातलं, भीमाकाठचं वडगाव रासाई. बाई कमी बोलणारी. चौथ्या वेळेला ती म्हणाली, “व्हय, मगाशी सांगितलं तुम्ही,” आणि मेथी निवडू लागली.

पेटी भरायला मारुतरावांनी आठ दिवस घेतले. वहीत यादी केली, ती खोडली, पुन्हा केली. निर्जंतुक गॉझ, गुंडाळीच्या पट्ट्या लहान आणि मोठ्या, मुरगळल्यावर बांधायची ताणपट्टी, हात गळ्यात अडकवायची तिकोनी पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक, हातमोजे, कात्री, चिमटा, भाजल्यावरचं मलम, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, तापाच्या गोळ्या. मेडिकलवाल्या विश्वजीतच्या दुकानात ते तीनदा गेले आणि प्रत्येक वस्तूवरची शेवटची तारीख काउंटरवरच भिंग लावून वाचली. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. विश्वजीत हाही मंडळातलाच, म्हणून तो गप्प बसला.

मग एक पत्र्याची पेटी आणून तिला पांढरा रंग दिला. आत पुठ्ठ्याचे कप्पे केले. प्रत्येक वस्तू वेगळ्या लखोट्यात घालून त्यावर नंबर टाकला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नंबरांची यादी चिकटवली. खोटं कशाला बोला, पेटी देखणी झाली होती. कुठल्याही कंपनीतल्या साहेबाने बघितली असती तर मान डोलवली असती. पण मारुतराव तिथे थांबले नाहीत. त्यांनी कडीतून तार ओवली, तारेला पीळ दिला, त्यावर लाख वितळवून ओतली, आणि जुन्या कोटाचं रेल्वेचं बटण काढून त्या लाखेवर दाबलं.

“सील कशाला?” सरूबाईंनी विचारलं.

“तुला न्हाई कळायचं. सील नसलं की कुणी बी उठतं आन् हात घालतं. मग ऐन टायमाला पेटी रिकामी.”

“आन् ऐन टाइम आल्याचं कळणार कसं?”

मारुतरावांनी लाख वाळली का ते बोटाने बघितलं.

सरूबाईंना मंडळात त्यांनीच आणलं, हे मात्र लक्षात ठेवलं पाहिजे. तिचे गुडघे धरायला लागले होते, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि पेटी पाठीला लावून चालणारा आपला नवरा तिने एकदा बघावा असंही त्यांच्या मनात होतं. पहिल्या रविवारी ती आली ती पायात कापडी बूट आणि खांद्याला एक शिवलेली पिशवी अडकवून. पिशवीत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. बायकांच्या पिशवीत काय असायचं, असा त्यांचा समज होता.

त्या दिवशी माळावर अनिता मॅडमच्या बुटातून बाभळीचा काटा आरपार गेला. त्या लंगडत मारुतरावांकडे आल्या. “गार्डसाहेब, जरा पेटी उघडता का?”

मारुतरावांनी काट्याकडे बघितलं, मग सीलकडे बघितलं. “मॅडम, उघडायला माझी ना नाही. पण सील फोडायचं म्हणजे नोंद करावी लागेल. आणि काटा तसा किरकोळ आहे.”

तेवढ्यात सरूबाईंनी मॅडमना एका दगडावर बसवलं, पिशवीतून सुई काढली, काडी पेटवून तिचं टोक तापवलं आणि बोलता बोलता काटा काढला. जखम पाण्याने धुतली, वर कापडाची एक चिंधी बांधली. जुन्या सुती लुगड्याच्या धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेल्या पट्ट्या होत्या त्या. मॅडम उठून चालायला लागल्या.

“काकू, तुमचा हात किती हलका आहे हो!” त्या म्हणाल्या, आणि मारुतरावांच्या पोटात पहिली कळ आली.

त्यांच्या वहीतल्या यादीत सुई नव्हती.

पुढच्या रविवारपासून काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. कुणाच्या टाचेला बूट लागला, चला काकूंकडे. कुणाला चक्कर आली, काकूंच्या पिशवीत गुळाचा खडा. कुणाला मुंगळा चावला, कुणाची चप्पल तुटली, कुणाची शिवण उसवली, काकूंकडे सगळ्यावर काहीतरी निघायचंच. विश्राम घ्यायला मंडळ बसलं की सरूबाईंच्या भोवती चारजण असायचे, आणि मारुतराव आठ किलोची पेटी मांडीशी धरून बाजूला बसलेले असायचे. विश्वजीतने तर एकदा हद्दच केली. स्वतः मेडिकलवाला माणूस, दाढी करताना कापलेला गाल घेऊन सरूबाईंकडे तुरटी मागायला गेला. मारुतराव आतल्या आत जळून कोळसा झाले.

त्यांनी वहीत एक नवं पान काढलं आणि वर ‘अनधिकृत उपचार’ असं लिहिलं. दर रविवारी घरी येऊन त्यात नोंदी करायला लागले. तारीख, ठिकाण, इजा, आणि सरूबाईंनी काय केलं. ‘निर्जंतुक नसलेले कापड वापरले.’ ‘गूळ दिला.’ एका ओळीत नुसतं ‘फुंकर मारली’ एवढंच होतं. हे पान पुढे कुणाला दाखवायचं होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरातही ते सरळ बोलेनासे झाले. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणायचे, “आता तुम्ही डॉक्टरीणबाई, स्वयंपाकात लक्ष कुठनं राहणार?” सरूबाई मिठाचा डबा पुढे सरकवायची. भांडायला समोरून कुणीतरी शब्द दिला पाहिजे, तो ती देत नव्हती. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मारुतरावांना वाटायचं. एकतीस वर्षं शेवटच्या डब्यात काढली ती काढली, आणि आता घरातल्या बाईच्याही मागेच उभं राहायचं? हा विचार दिवसातून दहा वेळा यायचा. तिच्या त्या पिशवीचा त्यांना इतका राग येऊ लागला, की खुंटीवर ती दिसली तरी ते तोंड फिरवायचे.

आणि मग पोपटरावांनी बोलता बोलता सांगितलं की राजगडाच्या आधी एक सरावाचा डोंगर करू, भुलेश्वर, आणि तिथे एकदा ठरवून टाकू की राजगडाला औषधपाण्याचं कुणाकडे द्यायचं. “म्हंजी गार्डसाहेब, पेटी तुमचीच हाय,” ते म्हणाले, “पण लोक सरूमावशींकडं जात्यात. तवा बघू.”

‘बघू’ या शब्दाने मारुतरावांची झोप उडाली.

भुलेश्वरच्या आदल्या दिवशी दुपारी सरूबाई शेजारी बारशाची पंगत वाढायला गेली होती. मारुतरावांनी खुंटीवरची पिशवी काढली. क्षणभर ती हातात धरून उभे राहिले. मग स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या मोठ्या डब्यामागे ती खुपसून ठेवली. ज्या माणसाने जन्मात स्वयंपाकघरातला एक डबा उघडला नाही, त्याला पिठाचा डबा ही लपवायची जागा वाटावी हे साहजिकच आहे. वाईट काम केलं हे त्यांना कळत होतं. पण उद्या कुणाला काही लागलं तर लोकांना पेटीकडे यावं लागेल, ही कल्पना इतकी गोड होती की ती त्यांनी सोडली नाही.

सकाळी सरूबाईने सगळ्यांसाठी म्हणून पंचवीस भाकरी थापल्या, खुंटीकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता पायात बूट घातले. गाडीने सगळे यवतला उतरले. मारुतरावांनी प्लॅटफॉर्मवर उभं राहून शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीकडे बघितलं, ती सवय. गार्डाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. यवतवरून पुढे ठरवलेल्या दोन जीपगाड्यांनी डोंगराच्या पायथ्याला गेले आणि तिथून पायवाटेने वर.

वर महादेवाच्या देवळात गारवा होता. लोकांनी काळ्या दगडातली नक्षी बघितली, फोटो काढले, भाकरी आणि ठेचा खाल्ला. खाली यवत, कासुर्डीकडचा हायवे, त्यावरचे मुंगीएवढे ट्रक. मारुतराव कुणाला काही होतंय का, याकडे लक्ष ठेवून होते. कुणाला काही होत नव्हतं. वीसच्या वीस माणसं ठणठणीत होती, आणि ते बघून मारुतरावांचा जीव खालीवर होत होता.

उतरताना पोपटराव पुढे होते. हातात मोबाइल, समोर कॅमेरा, तोंडाने नातवाला व्हिडिओ कॉलवर डोंगर दाखवणं चालू. पायाखालचा दगड सुटला, नव्वद किलोचा देह घसरत गेला, आणि नडगी एका धारदार दगडावर आपटून वीतभर चिरली. रक्ताची धार लागली. बायका ओरडल्या.

मारुतरावांना आधी आनंद झाला. एक क्षणच, पण झाला. मग ते पुढे धावले, पेटी पाठीवरून काढून जमिनीवर ठेवली, आणि खिशातून वही बाहेर काढली.

“नाव?” त्यांनी विचारलं.

“आवो गार्डसाहेब, नाव ठाव न्हाई का तुम्हाला माझं!” पोपटराव कळवळले.

“वेळ अकरा चाळीस,” मारुतराव पुटपुटले आणि लिहायला लागले. त्यांच्याकडून ते आपोआप होत होतं. सील फोडायचं म्हणजे आधी नोंद, हे हाताला इतकं ठाऊक होतं, की डोक्याला विचारायला तो थांबलाच नाही. दोन ओळी लिहून त्यांनी मान वर केली तर सरूबाई खाली मांडी घालून बसली होती, पोपटरावांचा पाय तिने आपल्या मांडीवर उंच घेतला होता, आणि पदराची दुमडून घडी करून ती जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

“पेटी उघडा,” ती म्हणाली.

मारुतरावांनी तारेला हात घातला. तार पक्की होती. तिला तोडायला कात्री पाहिजे होती, आणि कात्री लखोटा क्रमांक अकरामध्ये, पेटीच्या आत होती. त्यांनी तार ओढली, पिळली, दाताने चावली. विश्वजीतने शेवटी एक धोंडा उचलला आणि “सरका काका” म्हणत दोन घावांत कडी मोडली. लाखेचे तुकडे उडाले.

आत सगळं जसंच्या तसं होतं. एक वस्तू कमी नव्हती, एक जुनी नव्हती. मारुतरावांनी हातमोजे चढवले, गॉझ काढला, मोठी पट्टी काढली. आता आपली वेळ. त्यांना पुस्तकातलं पान दिसत होतं, चित्रासकट. वर्गात त्यांनी रबरी पुतळ्याच्या पायाला हीच पट्टी अशी बांधली होती की शिक्षकांनी ती सगळ्यांना दाखवली होती. पण पुतळ्याच्या पायाला रक्त नव्हतं, पुतळा “आई गं” म्हणत नव्हता. सरूबाईने पदर जरा उचलला, लाल चीर उघडी दिसली, आणि मारुतरावांचे हात थरथरायला लागले. पट्टीची गुंडाळी बोटांतून निसटली आणि उलगडत उताराने खाली गेली, पार करवंदीच्या जाळीपर्यंत.

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

“दुसरी द्या,” सरूबाई म्हणाली.

त्यांनी दुसरी दिली. तिने गॉझ ठेवला, पट्टी खालून वर नेली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, फार घट्ट नाही, फार सैल नाही, आणि गाठ जखमेवर येऊ न देता बाजूला मारली. मग पोपटरावांच्या पायाची बोटं हलवायला लावून बघितली. पुस्तकात हेच होतं, याच क्रमाने. मारुतराव मोजे घातलेले हात पुढे धरून उभे होते.

पोपटरावांना चौघांनी धरून खाली उतरवलं आणि जीपमधून दवाखान्यात टाके घालायला नेलं. निघताना त्यांनी काच खाली केली. “मावशी, राजगडाला पेटी तुमच्याकडं. गार्डसाहेब, तुम्ही भरली झक्क हाय, त्याबद्दल वादच न्हाई. पण हात त्यांचाच पाहिजे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मारुतरावांनीही वाजवल्या. मोजे काढायचे राहून गेल्यामुळे त्यांच्या टाळीचा आवाज काही वेगळाच येत होता.

दुपारच्या पुणे-दौंड गाडीत रविवारमुळे गर्दी कमी होती. मंडळी पुढे बसली, हे दोघं एका बाकावर. पदरावरचा डाग सरूबाईने आत दुमडून घेतला होता. यवत सुटलं, खुटबाव गेलं. मग मारुतरावांना राहवेना.

“तुझी पिशवी,” ते म्हणाले.

“पिठाच्या डब्यामागं हाय. सकाळी पीठ काढताना दिसली.”

“मग घेतली का न्हाईस?”

“म्हटलं, तुम्हाला वाटतंय तर आज पेटी उघडू द्या तुमची.” तिने हे असं सांगितलं, की जणू बाजारातून कोथिंबीर आणली का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मारुतरावांना वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. मनाचा मोठेपणाही हिनेच दाखवायचा, तिथेही ही पुढे. केडगाव आलं तेव्हा ते पुन्हा तिच्याकडे वळले.

“गाठ बाजूला मारायची, ह्ये तुला कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई. सतीशच्या कपाळाला पहिल्यांदा बांधली तवा गाठ नेमकी जखमेवर आली. पोरगं रडून रडून दमलं. सोडून परत बांधली, मग कळलं.”

सतीश त्यांचा थोरला. आता सणसवाडीला एका कंपनीत सुपरवायझर होता आणि तिकडेच बायकोपोरांसह राहत होता.

“सतीशच्या कपाळाला कवा लागलं?”

सरूबाईने त्यांच्याकडे बघितलं. “तिसरीत व्हता. क्वार्टरच्या पायरीवरनं पडला. सात टाके पडले. त्याला खांद्यावर टाकून मीच गेले दवाखान्यात. तुम्ही मनमाडला व्हता.”

“मला सांगितलं न्हाईस.”

“सांगितलं की. तुम्ही आला, मी सांगितलं. तुम्ही म्हणला, आता बरं हाय ना? मी म्हटलं, हाय. मग तुम्ही झोपला.”

मारुतरावांनी आठवून बघितलं. मनमाड आठवलं, तिथली विश्रांतीची खोली आठवली, तिच्यातला कुरकुरणारा पंखाही आठवला. सात टाके आठवेनात.

“अजून काय काय?” त्यांनी विचारलं.

ती बोटांवर मोजत सांगायला लागली. धाकट्या राजश्रीच्या हातावर उकळतं दूध सांडलं, तो हात सरूबाई दोन महिने बांधत होती. सतीशच्या पायात खिळा गेला. आत्याबाई, म्हणजे मारुतरावांची आई, अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या पाठीला जखमा झाल्या, त्या नऊ महिने सकाळ-संध्याकाळ धुवायच्या. “सुरवातीला माझे बी हात कापायचे,” ती म्हणाली. “शेजारच्या बाईनं धरले व्हते.”

आता मारुतरावांच्या पोटात जे उठलं ते मंडळाच्या टाळ्यांचं नव्हतं. टाळ्या काय, दोन दिवसांत लोक विसरतात. त्यांना त्या सात टाक्यांचा हेवा वाटला. खांद्यावर पोर टाकून ही पळत गेली होती, तो रस्ता हिच्याकडे होता. आईची पाठ हिच्याकडे होती. त्यांच्याकडे एकतीस वर्षांचं न फुटलेलं सील होतं आणि एक प्रमाणपत्र. इतक्या लोकांचा हेवा केला, पण ज्याचा करायला हवा होता ते आपल्याच घरात घडत होतं आणि आपण झोपलो होतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातही जळफळाट होताच. जन्माचा स्वभाव एका दुपारी कुठे जाणार?

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सतीशला लावला.

“सतीश, तुझ्या कपाळाला टाक्यांची खूण हाय, ती कुठल्या बाजूला रे?”

पलीकडून घाबरलेला आवाज आला. “आप्पा, आईला काय झालं?”

“काय न्हाई झालं. मी आपलं विचारतोय.”

“असं काय विचारताय मग? आई कुठंय? आईला फोन द्या.”

मारुतरावांनी फोन तिच्याकडे दिला. सरूबाईने त्याला सगळं सांगितलं, भुलेश्वर, पोपटराव, राजगड. पोराचा जीव खाली पडलेला ऐकू येत होता. तो हसायला लागला, तीही हसली. मारुतराव शेजारी बसून त्या दोघांचं हसणं ऐकत होते.

“डाव्या भुवईच्या वर,” तिने फोनवर हात ठेवून सांगितलं. “अजून काय विचारायचंय का?”

“दुखतं का विचार.”

“आवो, तीस वर्षं होत आली त्याला.”

“विचार तर.”

तिने विचारलं. पलीकडून सतीश बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. ऐकता ऐकता तिचं हसू कमी झालं आणि भुवया जवळ आल्या.

“थंडीत ठणकतं म्हणतोय,” ती हळू म्हणाली. “दरवर्षी. मला कधी बोलला न्हाई.”

“दे इकडं,” मारुतराव म्हणाले, आणि त्यांनी फोन आपल्या कानाला लावला.